तुळजाबाई वृत्तात बसत नाहीत म्हणे!

तुळजाबाईंचं नाव मंगलाष्टकात आलं. भर मांडवात, माइकवरून, एकही मात्रा न सांडता आलं.

मित्रांनो, हे वाक्य आता विसरा. असं काही झालंच नाही. लग्नाचा व्हिडिओ बघा, त्यात नाही. घरच्यांना विचारा, कोणाला आठवत नाही. ज्या महारुद्र गुरुजींनी लग्न लावलं त्यांना विचारलं तर ते चहा मागतात. तेव्हा जे झालंच नाही ते मी पहिल्यापासून नीट सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

मी एक जुना अंतरपाट आहे. मुहूर्ताच्या आधी नवरा आणि नवरी यांच्या मधे जे पांढरं कापड धरून उभे राहतात, ते मी. दोन माणसांनी एकमेकांना बघू नये एवढंच माझं काम. ही दोन माणसं गेले सहा महिने मोबाइलवर एकमेकांना बघत असतात, पण त्या दहा मिनिटांसाठी माझी नेमणूक होते आणि मी ती निष्ठेनं पार पाडतो.

माझा जन्म हातमागावर झाला. एका ताग्याचे आम्ही दोन तुकडे. माझा सख्खा भाऊ भूमच्या बाजारात चहा गाळतो. त्याला रोज काम आहे, रोज गरम पाण्याची आंघोळ आहे, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे आदरानं बघतं. मला धाराशिवच्या तात्यांनी विकत घेतलं. माझ्या दोन्ही अंगांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि डांबरगोळ्यांसोबत लोखंडी कपाटात ठेवून दिलं. वर्षातले दोन-तीन दिवस मी पवित्र असतो. बाकीचे दिवस मी बनियनच्या खाली असतो. शेजारी मला लग्नाला मागून नेतात आणि जिलबीच्या पाकासकट परत देतात. एकदा तर एका पाहुण्यानं माझ्यानं मोटारसायकलचा आरसा पुसला. वर म्हणाला, "कापड लई मऊ हाय." मी काय बोलणार? मी त्या वेळी ओला होतो.

पण मित्रांनो, हे सगळं मी सहन केलं. मला जे सहन होत नाही ते वेगळं आहे.

तुम्ही शाळेत कविता ऐकता, वृत्त ओळखा असं विचारलं की खिडकीबाहेर बघता. मला तशी सोय नाही. माझ्या दोन्ही कानांना दोन माणसं धरून असतात आणि वर माइक असतो. जन्मभर मी मंगलाष्टकं ऐकली. त्यांचं वृत्त शार्दूलविक्रीडित. नाव अवघड आहे, चाल सोपी आहे. एका ओळीत एकोणीस अक्षरं. काही लांब उच्चारायची, ती गुरू. काही झटकन उच्चारायची, ती लघु. कोणत्या जागी कोण बसणार हे ठरलेलं असतं. बारा अक्षरं झाली की थोडं थांबायचं, श्वास घ्यायचा. त्या थांब्याला यती म्हणतात. मग उरलेली सात. मी विणलेला आहे. एक धागा वर, एक खाली, ही माझी हाडं. त्यामुळं लघुच्या जागी गुरू आला की मला वृत्त चुकल्याचं कळत नाही, मला शिवण उसवल्यासारखं होतं.

यमकाचं म्हणाल, तर यमक हे मांडवात न ऐकणाऱ्यांसाठी असतं. मागच्या खुर्च्यांवर सोयाबीनच्या भावाची चर्चा चालू असते. त्यांना शब्द पोचत नाहीत, पण ओळीचा शेवट मागच्या ओळीच्या शेवटासारखा वाजला की हात आपोआप अक्षतांच्या मुठीकडं जातो. आणि चौथ्या ओळीच्या शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’. हे प्रत्येक कडव्यात परत येतं. पहिल्यांदा येतं तेव्हा तो आशीर्वाद असतो. चौथ्यांदा येतं तेव्हा ती सवय होते. आठव्यांदा येतं तेव्हा माणसं चपला शोधायला लागतात, कारण पंगत जवळ आली. पण तीच सात अक्षरं, प्रत्येक वेळी तशीच. सगळं घर इकडचं तिकडं होत असतं त्या दिवशी, ही सात अक्षरं मात्र जागची हलत नाहीत. म्हणून तर ती परत परत म्हणतात.

आता तात्यांबद्दल. तात्या निवृत्त मराठी शिक्षक. जिल्ह्यात तेरपासून वाशीपर्यंत कोणाच्याही घरी लग्न निघालं की मंगलाष्टकं तात्यांकडून लिहून घेतात. शाळेत त्यांनी वृत्त चुकवणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. अजूनही वर्तमानपत्रातली कविता वाचताना त्यांची बोटं मांडीवर लघु-गुरू मोजत असतात. मला त्यांचा अभिमान होता. ‘होता’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

तात्यांची मुलगी तुळजाबाई. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. त्याआधी आमच्या घरची मंगलाष्टकं त्याच म्हणायच्या. असा यती घ्यायच्या, की त्या थांब्यात मांडवातलं रडणारं पोरही गप्प व्हायचं. परत आल्यावर त्यांना कोणी म्हणायला सांगितलं नाही. कोणी नकोही म्हटलं नाही. नुसतं सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांना कोठीच्या चाव्या दिल्या.

मित्रांनो, कोठी म्हणजे लग्नातलं सामानाचं खोलीभर राज्य. नारळ, सुपाऱ्या, आहेराच्या साड्या, काजूची पुडकी. तिथं विश्वासाचं माणूस लागतं. आणि विश्वासाचं माणूस म्हणजे कोण, तर जिला मुहूर्ताच्या वेळी मांडवात बोलवायचं नसतं ती. केवढी सन्मानाची सोय आहे बघा! कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि अक्षता पडताना दार बंद.

तात्यांचा मुलगा गुरुप्रसाद, तो तहसीलला कारकून. त्याची बायको शारदा, तेरच्या शाळेत शिक्षिका. ती सकाळच्या बसनं जायची आणि दिवेलागणीला यायची, म्हणून त्यांची मुलगी अश्लेषा आत्याच्याच हाताखाली वाढली. तुळजाबाईंनी तिची वेणी घातली, गोवरात तिच्या उशाशी बसल्या, आणि भाकरी थापता थापता तिला वृत्तं शिकवली. दोन्ही हात पडले की गुरू, एक पडला की लघु. अश्लेषाला वृत्त पाठ झालं आणि भाकरी आली नाही.

या अश्लेषाचं लग्न भूमच्या कैवल्यशी ठरलं. तात्यांनी मंगलाष्टकं लिहिली. हळदीच्या दिवशी दुपारी, मला वाळत घालून घडी करायला घेतलं होतं, तेव्हा ती घरात वाचून झाली. आजी झाल्या, काका झाले, व्याही झाले. मामांच्या तीन पिढ्या झाल्या. तुळजाबाई नाहीत.

हळदीनं पिवळी झालेली अश्लेषा म्हणाली, "तात्या, आत्या कुठं आहे यात?"

तात्यांनी चष्मा पुसला. "अगं बाळ, बसत नाही ते नाव वृत्तात. म्या लई प्रयत्न केला."

"आणि हे?" तिनं वाचून दाखवलं. "सन्माननीय बजरंगदादा आपल्या प्रेमाखातर उभे राहते. हे बसतं?"

मी थरथरलो. मित्रांनो, मोजा. तुमच्या बोटांवर मोजा. एकोणिसाच्या जागेत चोवीस! बाजारच्या दिवशी भूमच्या एसटीतही एवढी माणसं दाराला लोंबत नाहीत. आणि हे बजरंगदादा कोण? मंगल कार्यालयाचे मालक. नवरीकडून कोणी नाहीत, नवऱ्याकडूनही कोणी नाहीत. त्यांनी डेकोरेशनमध्ये एक कमान जास्तीची दिली, एवढंच त्यांचं नातं. आधीच्या ओळींचे शेवट ‘पाहते’ आणि ‘वाहते’ होते, म्हणून यमकासाठी त्या धिप्पाड माणसाला ‘उभे राहते’ केलं होतं. आणि या तात्यांनी पोरांना बाकावर उभं केलं होतं!

"ते जरा भरभर म्हटलं की बसतं," तात्या म्हणाले.

"मग आत्याला भरभर म्हणा."

"तसं नसतंय ते."

तेव्हा अश्लेषानं मला तिच्या पुढ्यात ओढलं. तिच्यासमोर हळदीची वाटी होती. तिनं बोट बुडवलं आणि माझ्या अंगावर, स्वस्तिकाच्या खाली, लिहायला लागली. गुरूला आडवी रेघ, लघुला टिंब. मी आयुष्यात इतका अपमानित आणि इतका अभिमानी एकाच वेळी कधी झालो नव्हतो.

"लेकीला," ती म्हणाली. तीन रेघा. "जपले." दोन टिंबं, एक रेघ. "जिनेच." टिंब, रेघ, टिंब. "तुळजा." दोन टिंबं, एक रेघ. बारा झाली. "बाई." दोन रेघा. "उभी राहते." टिंब, रेघ, रेघ, टिंब, रेघ. "एकोणीस. मोजा तात्या."

*लेकीला जपले जिनेच तुळजाबाई उभी राहते.*

तात्यांची बोटं आपोआप मांडीवर चालू झाली होती. शेवटाला येऊन ती थांबली. त्यांना आवडल्याचं दिसत होतं, आणि तेच त्यांना आवडलं नाही.

"तो ‘च’ भरतीचा आहे," ते म्हणाले.

भरतीचा! ज्यांनी एक अख्खा मालक भरतीला घातला होता, ते एका ‘च’वर अडले होते.

"असू दे भरतीचा."

"आणि यती बघ. बाराव्या अक्षरावर यती येतो. म्हणजे ‘तुळजा’ म्हणून थांबायचं आणि मग ‘बाई’. नाव मधेच फुटतं. याला यतिभंग म्हणतात. तो मोठा दोष."

"बजरंगदादांच्या ओळीत यती कुठंय?"

"त्यांच्या ओळीत यतीच नाही, मग भंग कशाचा?"

असा युक्तिवाद मी कोर्टात गेलेल्या लग्नांमध्येही ऐकला नव्हता.

मग तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "नाव असं फुटणं, ते पण मुहूर्तावर... आपण मानत नाही गं, पण लोक मानतात. भूमची माणसं जुन्या वळणाची. उद्या तुझ्याच अंगावर येईल ते."

म्हणजे बघा. लघु-गुरूपासून निघाले आणि कुठं येऊन पोचले! वृत्तानं कधी कोणाला अडवलं नाही. वृत्ताच्या नावावर अडवणारी माणसं घरातच होती आणि हळद लावून बसली होती.

गुरुप्रसाद म्हणाला, "पोरी, एवढ्यासाठी तू लग्नाच्या आदल्या दिवशी डोळे लाल करू नको. व्हिडिओत वाईट दिसतंय."

इतक्यात तुळजाबाई आतून आल्या. हातात नारळाचं पोतं. "कशाला भांडताय गं? माझं नाव घेऊन कुणाचं पोट भरतंय व्हय?"

"आत्या, तू उद्या मांडवात उभी राहणार आहेस का नाही?"

"कोठी कुणाच्या जिवावर सोडू? मागच्या लग्नात सुपारीचं पोतं गेलं." आणि त्या हसल्या. अश्लेषाकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. माझ्यावरची रेघ-टिंबं त्यांनी एका नजरेत वाचली. ओठ हलले. मग पोतं उचलून आत गेल्या. मी ते ओठ बघितले, म्हणून सांगतो: यती बरोबर घेतला होता.

अश्लेषा तात्यांना एवढंच म्हणाली, "तुम्हाला जे बरोबर वाटतंय ते म्हणा, तात्या. पण बरोबर म्हणा." मला घडी घालून पिशवीत ठेवलं. हळद पुसायची राहिली. हळद लग्नाचीच, तिला पुसायचं कोणी?

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा. कार्यालय भरलं. बजरंगदादा पहिल्या रांगेत, स्वतःच्या जास्तीच्या कमानीखाली, फेटा बांधून बसले. दोन मामांनी मला धरलं. एक मामा उंच, एक बुटका. मी नेहमीप्रमाणं तिरका. स्वस्तिकावर हार लागला. आणि माझी जी बाजू माइककडं होती, ती हळदीची होती.

तात्या माइकपाशी. हातात कागद. कडवी निघाली. नातेवाईक एकेक येऊन बसत गेले. कोणी ओळीत मावले, कोणी कडेला टेकले. अक्षता पडत होत्या. शेवटचं कडवं आलं. पहिली ओळ ‘पाहते’वर गेली, दुसरी ‘वाहते’वर. तिसरीला तात्यांनी तोंड उघडलं.

"सन्मा..."

आणि ते थांबले. माइकवाल्यानं वायर हलवली. महारुद्र गुरुजींनी घड्याळ बघितलं. तात्या कागदाकडं बघत होते, मग माझ्याकडं. एका हातात चोवीस अक्षरं, समोर एकोणीस. चाळीस वर्षं ज्या माणसानं उत्तरपत्रिकेवर तांबडे गोल केले, त्याला चुकीची ओळ बरोबरच्या ओळीसमोर उभं राहून म्हणता येईना. त्यांचं मन बदललं असं म्हणणं मला पटत नाही. मन त्यांचं तेच होतं, घाबरलेलं. पण कान त्यांचे कुणाला घाबरत नव्हते.

त्यांनी डोळे मिटले आणि चालीत म्हटलं:

"लेकीला जपले जिनेच तुळजा..."

यती.

श्वास घ्यायला थांबले ते. पण वय झालंय, श्वास लवकर परत आला नाही. अख्ख्या कार्यालयात, माइकवरून, कोठीच्या दारावरच्या भोंग्यातूनसुद्धा, नुसतं ‘तुळजा’ म्हणून हाक गेली आणि पुढं शांतता.

आणि कोठीतून आवाज आला, "आले तात्या! आले!"

चाव्यांचा जुडगा वाजत आला. तुळजाबाई एका हातात नारळ घेऊन, दुसऱ्या हातानं पदर सावरत, खुर्च्यांमधून धावत आल्या आणि थेट स्टेजपाशी येऊन थांबल्या.

"...बाई उभी राहते," तात्यांनी ओळ पुरी केली.

आणि त्या उभ्या होत्या. मित्रांनो, मी असंख्य मंगलाष्टकं ऐकली. सगळ्यांत लक्ष्मी येते म्हणतात, गंगा येते म्हणतात. कोणी येत नाही. म्हटल्याबरोबर माणूस येऊन उभं राहिल्याचं मी ते एकदाच बघितलं.

"अगं बाई," तुळजाबाई म्हणाल्या, "मला वाटलं नारळ कमी पडला." मग मांडव बघितला, मला बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं आपण कुठं आलोय. त्या मागं वळल्या.

माझ्या एका बाजूनं अश्लेषाचा आवाज आला. नवरीनं त्या वेळी बोलायचं नसतं. ती बोलली. "आत्या, तिथून हललीस तर मी पण येते कोठीत."

दुसऱ्या बाजूनं कैवल्य हळूच म्हणाला, "मग मला पण यावं लागेल. आणि मला अजून काही दिसत नाहीये."

चौथी ओळ बाकी होती. तात्या कागद सोडून लेकीकडंच बघत होते. मुहूर्त चालला होता, गुरुजी हातवारे करत होते, बँडवाल्यांनी पिपाणी तोंडाला लावून ठेवली होती. कडवं तीन पायांवर उभं होतं. मला ते सहन होत नव्हतं. आणखी एका माणसाला होत नव्हतं. तुळजाबाईंनी नारळ पहिल्या रांगेतल्या बजरंगदादांच्या हातात दिला, आणि माइकशिवाय, जागेवरून म्हटलं:

"नांदावे सगळे सुखात मिळुनी..."

यती घेतला. मागच्या खुर्च्यांवरचं सोयाबीन थांबलं.

"...कुर्यात् सदा मंगलम्."

तीच सात अक्षरं. आठव्यांदा. कोणी चपला शोधल्या नाहीत.

अक्षता पडल्या. मला बाजूला काढलं. माझी बदली तात्काळ बनियनच्या पिशवीत झाली, त्यामुळं पुढचं मला आवाजावरून माहीत. भूमच्या एक आजी म्हणाल्या, "कुणी म्हटलं वो ते शेवटचं? गळा लई गोड." म्हणजे ज्या जुन्या वळणाच्या माणसांना घाबरून एवढं सगळं झालं, त्यांना वळण दिसलंसुद्धा नाही. बजरंगदादा मात्र नारळ धरून पंगतीपर्यंत विचारत होते, "आमचं नाव आलं का येऊन गेलं?"

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं की सगळं. थांबा. माझा संताप इथून सुरू होतो.

चार दिवसांनी गुरुप्रसादनं व्हिडिओवाल्याला घरी बोलावलं आणि म्हणाला, "ते मधलं जरा आवाज खराब आलाय, तेवढं कापा." व्हिडिओवाल्यानं कापलं आणि त्या जागी सनई टाकली. ‘लेकीला’पासून ‘मंगलम्’पर्यंत सनई! तात्या म्हणतात, "माझी ओळ चुकली होती त्या दिवशी." आयुष्यात एकदा बरोबर म्हणाले आणि त्यालाच चूक म्हणतात. अश्लेषा भूमहून फोन करून भांडली. शारदानं फोन कानाला धरला आणि नुसतं "व्हय गं, व्हय" म्हणत राहिली. आणि दिवाळीनंतर गुरुप्रसादच्या पुतण्याचं, उत्कर्षचं लग्न निघालंय. तात्यांनी नवी मंगलाष्टकं लिहायला घेतलीत. कोठीच्या चाव्या काल तुळजाबाईंकडं देऊन झाल्या.

शिवाय यंदा मलाही सुट्टी आहे. उत्कर्षनं मखमली अंतरपाट मागवलाय, लाल, बॅटरीवर चालणारा, नवरा-नवरीचं नाव दिव्यांनी लखलखणारा. त्याला यती कळणार नाही. त्याच्यावर हळदीनं लिहिलं तर शॉक बसेल.

मित्रांनो, कापडाची काळजी घ्या, असं मी म्हणणार होतो. पण कापडाचं काय, ते धुता येतं. म्हणून मी खालील अर्ज करत आहे. तो माझ्या घडीत ठेवला आहे. कोणाला सापडल्यास पुढं पाठवावा.

प्रति, मा. वृत्त निरीक्षक, धाराशिव जिल्हा. (असे पद अस्तित्वात नसल्यास ते आधी निर्माण करून, भरून, मग त्यांचेकडे.)

विषय: मंगलाष्टकातील यतीस मान्यता मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, यापुढे जिल्ह्यातील कोणत्याही लग्नात एखादे नाव ‘वृत्तात बसत नाही’ असे कारण दिल्यास, संबंधितांकडून लघु-गुरूची मांडणी तीन प्रतींत घेण्यात यावी. मुहूर्ताच्या वेळेपुरता कोठीचा ताबा कार्यालयाच्या मालकांकडे देण्यात यावा. आणि ओळीच्या मधोमध, बाराव्या अक्षरानंतर, कोठीच्या बाजूने "आले" असे उत्तर आल्यास तो वृत्तभंग न समजता, ती दोन अक्षरे त्याच ओळीची आहेत असे समजण्यात येऊन, ती येईपर्यंत पुढील ओळ म्हणण्यास मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती.